साडेसात घोडे

माणसाला एखादी नवी वस्तू मोजावयाची झाली, की तो घरातली जुनी वस्तू उचलतो. कापडाला त्याने आपला हात लावला, जमिनीला पाऊल लावले आणि दिव्याचा उजेड मेणबत्त्यांत मोजला. तेव्हा वाफेचे यंत्र आल्यावर त्याला घोडा लावला गेला, यात नवल नाही. नवल हे, की ते वाफेचे यंत्र गेले, चक्कीचा घोडा तर त्याच्याही आधी गेला, आणि तरीसुद्धा विहिरीवरच्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जिथे म्हणून मोटर बसते, तिथे आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हॉर्सपॉवरची?

हा घोडा आपल्या गळ्यात बांधला तो जेम्स वॉटने. १७८०च्या दशकात त्याला आपली यंत्रे विकावयाची होती, आणि गिऱ्हाईक होते ते घोड्यांवर चक्क्या फिरवणारे. त्यांना वाफ आणि दाब यांची भाषा ऐकवून काय उपयोग? त्यांचा सवाल सरळ होता: तुझे यंत्र घेतले तर माझे किती घोडे सुटतील? मग वॉटने चक्कीच्या घोड्याचा हिशेब मांडला. घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात चालतो, तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि साधारण १८० पौंडांच्या जोराने ओढतो. गुणाकार केला, की मिनिटाला साडेबत्तीस हजारांच्या थोडे वर फूट-पौंड येतात. वॉटने सढळ हाताने ३३,००० धरले. हाच हिशेब कोकणात कुणी मांडला असता तर तो तेलाच्या घाण्याच्या बैलावरून मांडला असता, आणि आज सारे जग मोटरींना 'पाच बैली' न् 'दहा बैली' म्हणत बसले असते. गंमत अशी, की घोड्याची हकालपट्टी करायला जे नवे माप आले त्यालाही पुन्हा वॉटचेच नाव मिळाले. एक घोडा म्हणजे ७४६ वॅट.

खरा घोडा मात्र या हिशेबाला बांधलेला नाही. दिवसभर जुंपला तर तो वॉटच्या घोड्याइतके काम करीत नाही, आणि क्षणभर जिवावर उदार झाला तर त्याच्या कितीतरी पट करतो. १९९३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक टिपण आले होते. त्यातल्या हिशेबाप्रमाणे एकच घोडा थोडा वेळ पंधराच्या जवळपास अश्वशक्ती काढू शकतो. म्हणजे घोडा किती शक्तीचा, हे घोड्यावर जितके अवलंबून तितकेच तो किती वेळ आणि कशाला जुंपला आहे यावर.

हे सारे मी तीस वर्षे शाळेत शिकवीत असे. मुले ७४६ हा आकडा परीक्षेपुरता पाठ करीत आणि सुटीत विसरून जात; त्यात काही वावगेही नव्हते. या आकड्यावर कुणाचे पोट किंवा कुणाची बोटे अवलंबून असतील असा प्रसंग माझ्यासमोर आला तो निवृत्तीनंतर, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात.

सिंधुदुर्गात आमच्या चुलत घराची लाकडाची एक लहानशी वखार आहे. वनखात्याचा परवाना आजोबांच्या वेळचा. चुलतभाऊ गेला आणि वखार पुतण्याकडे आली. त्याच्याकडे २४ इंची चाकांचा एक बँडसॉ होता. वाचकांतल्या गृहिणींना हे यंत्र कळायला वेळ लागणार नाही. पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकावर दोरी जाते ना, तसेच हे. फक्त इथे दोन्ही चाके सारखी, एक वर आणि एक खाली, आणि दोरीच्या जागी दात असलेली पोलादाची अखंड पट्टी. ती सतत खाली धावत असते आणि माणूस मेजावरून लाकूड तिच्यापुढे सारतो.

पुतण्याला एका देवळाच्या सभामंडपाचे काम मिळाले होते. फणसाचे दहा-दहा इंच रुंदीचे खांड उभे चिरून फळ्या काढायच्या होत्या, आणि ते काम जुन्या बँडसॉच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्याने पतपेढीचे कर्ज काढले, वनखात्याकडून जुन्याच्या जागी दुसरे यंत्र बसवण्याची परवानगी काढली, आणि मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून ३६ इंची चाकांचे जुने धूड विकत घेतले. ट्रकमधून ते उतरवायला चेनपुली लावावी लागली. साडेसात फूट उंच, वजन टनाच्या घरात, अंगावर रंगाचे थर, आणि त्या थरांखाली बिडाच्या ठसठशीत अक्षरांत कारखान्याचे नाव: टॉमस रॉबिन्सन अँड सन, रॉचडेल.

रॉचडेल हे नाव वाचून मला हसू आले. १८४४ साली ज्या गावातल्या विणकरांनी आणि कारागिरांनी सहकारी भांडार काढले, आणि ज्यांचे नाव आपल्याकडे प्रत्येक सहकारी सभेच्या भाषणात येते, तेच हे रॉचडेल. पतपेढीच्या कर्जाने घेतलेले यंत्र मूळचे सहकाराच्या माहेरचे निघाले! वहिनींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "माहेरचं आहे तर व्याज सोडतील का?"

या जातीच्या यंत्राची कूळकथाही ऐकण्यासारखी आहे. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजाने १८०८ साली लंडनमध्ये पट्टी-करवतीचे पेटंट घेतले. पण कल्पना कागदावरच राहिली. अडचण चाकांची नव्हती, पट्टीची होती. तिची दोन टोके जोडायची कशी? जोड चाकावर वाकला की तुटे. १८४६ साली क्रेपँ नावाच्या एका फ्रेंच बाईने हा सांधा जमवण्याची रीत काढली, आणि मग पॅरिसच्या पेरँ या कारखानदाराने चांगल्या पोलादाच्या पट्ट्या करून यंत्र बाजारात आणले. त्याच कारखान्यातून पुढे पानार-लव्हासोर ही मोटारगाड्यांची पेढी निघाली. चाळीस वर्षे यंत्र सांध्यासाठी खोळंबले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण आमच्या वखारीतही पुढे घोड्यांच्या गप्पा पट्टीपाशीच येऊन थांबल्या.

तर यंत्र आले, पण त्याला मोटर नव्हती. ती भंगारवाल्याने वेगळी विकली होती. यंत्रासोबत एका गोणपाटात काही बोल्ट, एक पाना आणि मोटरच्या दांड्यावर बसणारी आठ इंची पुली एवढे आले. पुतण्याने मला विचारले, "काका, मोटर किती हॉर्सपॉवरची घेऊ?"

मी यंत्राभोवती दोनदा फिरलो. अंगावर कुठेही शक्तीचा आकडा नव्हता, आणि तो असण्याचे कारणही नव्हते. ज्या काळी ही यंत्रे ओतली गेली त्या काळी कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. ते छताखालचा एक लांबलचक दांडा फिरवी, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राला एकेक चामडी पट्टा खाली उतरे. एकत्र कुटुंबासारखा कारभार! कुणाच्या ताटात किती वाढले याचा हिशेब नाही; ज्याला जेव्हा लागेल तेव्हा तो ओढून घेई. यंत्रे विभक्त झाली, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र मोटर आली, तेव्हा 'तुला किती लागते?' हा प्रश्न उभा राहिला.

आमच्या ओटीवर त्याची उत्तरे द्यायला माणसांची वाण पडली नाही. वहिनींचे मत, जुन्या यंत्राची तीन हॉर्सपॉवरची मोटर आहे तीच लावावी, नवा खर्च कशाला? भात भरडायची गिरण चालवणारे आबा म्हणाले, पाच पुरेत. मोटरच्या दुकानदाराने फोनवर सांगितले की पंधराची एक वापरलेली, पण उत्तम मोटर त्याच्याकडे तयार आहे, आणि ताकद जास्त झाली म्हणून कुणाचे कधी बिघडलेले नाही. पुतण्याला पंधरा आवडली. तरुण माणसाला आवडायचीच. एवढे थोर यंत्र, त्याला तीन घोडे म्हणजे हत्तीला शेळीच्या दोरीने बांधण्यासारखे त्याला वाटले. शिवाय दसरा तोंडावर आला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा आणि दसऱ्याला पहिली फळी, असा त्याचा बेत.

मला विचाराल तर यांतले कुणीच अगदी खोटे बोलत नव्हते. तीन घोड्यांनीही ते यंत्र चालले असते. रिकामी चाके फिरती ठेवायला फार शक्ती लागत नाही. शक्ती लागते ती लाकूड चिरायला, आणि तीही तुम्ही ते किती घाईने चिरता त्याप्रमाणे. त्याच वेगाने लाकूड सारायचे आणि खांडाची जाडी दुप्पट, तर शक्ती दुप्पट. जाडी दुप्पट पण सारण्याचा वेग निम्मा, तर शक्ती तेवढीच. वहिनींच्या मोटरीने सभामंडप झाला असता. फक्त त्याच्या कळसाला मुहूर्त पुढच्या वर्षीचा काढावा लागला असता.

पंधराचा निकाल मिस्त्रींनी लावला. हे आमच्या वखारीतले थोरले मिस्त्री. सत्तरी गाठलेले, आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटे अर्धीच. तरुणपणी मुंबईत एका गोल करवतीला ती द्यावी लागली. ते तंबाखू मळीत एवढेच म्हणाले, "झिला, मोटार कितीय मोठी हाडलंस तरी पट्टी तीच असा ना?"

या एका वाक्यात यंत्रशास्त्राचा निम्मा धडा आहे. चाकावर पट्टी वाकते, आणि फार जाड असली तर वाकून वाकून मोडते. म्हणून जुना ठोकताळा असा, की पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहून जास्त नको. ३६ इंची चाकाला इंचाच्या हजार भागांतले फार तर ३६. ही पट्टी लांबीला साडेएकोणीस फूट, आणि प्रत्येक फेरीत ती दोनदा वाकते आणि दोनदा सरळ होते. चालू यंत्रात मिनिटाला साडेचारशेहून अधिक वेळा. तिच्या दोन दात्यांमध्ये जी खाच असते ती म्हणजे भुसा वाहून नेण्याची पाटी. पाटी भरली की त्यापुढे दाते कापीत नाहीत, नुसते घासतात. पट्टी तापते, लाकडात वाकडी शिरते आणि शेवटी तुटते. म्हणजे पंधरा घोड्यांतले निम्मे घोडे पट्टीच्या दाराशी नुसते उभे राहणार. आणि त्यांना उभे ठेवायलाही पैसे पडतात. वखारीचा मंजूर भार दहा हॉर्सपॉवरचा, त्यात दोनची रंध्याची मोटर आधीच. पंधरा बसवायची तर भार वाढवून घ्या, अनामत भरा, जाड तारा ओढा.

"मग पाच," आबा म्हणाले. त्यांचे पाचही चुकीचे नव्हते. पण मला आमच्या गावची संध्याकाळ माहीत होती. चार वाजल्यानंतर बागांतले पंप सुरू होतात आणि ४१५ व्होल्टची वीज ३४० वर येते. आता मोटरची ओढण्याची कमाल ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आकडेमोड केली तर ३४० व्होल्टला ती ताकद दोन-तृतीयांश उरते. म्हणजे संध्याकाळी पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीने पाचाचे काम करायला जावे, तर तिचा घाम निघणार. मोटरचा घाम म्हणजे जळका वास. तेव्हा पाचाच्या वरचा बाजारात मिळणारा आकडा घ्यावा, असे मी म्हटले. तो आकडा साडेसात.

'साडेसात' म्हणताच वहिनींच्या कपाळाला आठी पडली. "भावजी, आठ घ्या, सात घ्या, पण साडेसात? आधीच कर्ज आहे डोक्यावर!" बाजारात सात मिळत नाही आणि आठही मिळत नाही, साडेसातच मिळते, हे त्यांना पटवायला मला वॉटपेक्षाही जास्त वेळ लागला. तरी शेवटी त्यांनी विचारलेच, की अर्धा घोडा कुठला अर्धा?

इथवर सगळी चर्चा घोड्यांची झाली होती. पण दुकानदाराने मोटरच्या पाटीचे छायाचित्र फोनवर पाठवले होते, ते मी चष्मा लावून पुन्हा वाचले. पंधरा हॉर्सपॉवर, आणि फेरे मिनिटाला १४४०. आणि आमच्या गोणपाटात आठ इंची पुली. यंत्राच्या खालच्या चाकाच्या दांड्यावर जी पुली आहे ती मोजली, सोळा इंच भरली. आठाला सोळा, म्हणजे वेग निम्मा. मोटर १४४० फेरे घेणार तर चाक ७२०. चाकाचा परीघ सव्वानऊ फुटांच्या थोडा वर. गुणाकार केला: काठाचा वेग मिनिटाला पावणेसात हजार फुटांच्या पुढे, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या जवळ.

"चांगलंच की," पुतण्या म्हणाला. "जितकी पट्टी जोरात, तितकं काम जास्त."

मला ते चांगले वाटेना. बीड दाबाला हत्ती असते आणि ताणाला काच. फिरते चाक स्वतःलाच बाहेर फेकू पाहते, त्याच्या काठावर सारखा ताण असतो, आणि तो ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. जुन्या इंजिनियरांचा एक नियम होता, की बिडाच्या चाकाचा काठ मिनिटाला एक मैलापेक्षा, म्हणजे ५,२८० फुटांपेक्षा, जोरात धावू देऊ नये. आमचे चाक तो नियम ओलांडून दीड हजार फूट पुढे जाणार होते. वर ते जुने. त्याच्या आऱ्यांनी किती पावसाळे आणि किती लिलाव पाहिले असतील कोण जाणे. असे चाक फुटले तर त्याच्या ठिकऱ्या भिंतीला विचारून थांबत नाहीत.

तेव्हा प्रश्न घोड्यांचा राहिला नाही. हे यंत्र मुळात किती वेगाने चालत होते? भंगारवाल्याला फोन केला. त्याला पहिली मोटर आठवतसुद्धा नव्हती. तेवढ्यात मिस्त्रींनी पटाशी घेतली आणि यंत्राच्या कमरेपाशी एका चौकोनी उंचवट्यावरचा रंग खरवडायला लागले. आधी हिरवा गेला, मग करडा, मग काळा. खालून पितळ चमकले. कापडाला रॉकेल लावून पुसले तेव्हा बोटभर उंचीची अक्षरे दिसली: यंत्राच्या पुलीचे फेरे, मिनिटाला ४८०.

शक्ती कुठेच लिहिलेली नव्हती. वेग मात्र पितळेत कोरून ठेवला होता.

मग बाकीचे गणित आपोआप सुटले. ४८० फेऱ्यांना आठ इंची पुली हवी तर मोटर ९६० फेऱ्यांची पाहिजे. ज्या कुणी मधल्या काळात यंत्राला पहिली मोटर लावली त्याने नेमकी तशीच, सावकाश चालीची मोटर लावली असणार, आणि आमच्या गोणपाटातली पुली तिच्यासाठी केलेली. ती पुली बरोबर होती आणि दुकानातली मोटरही निर्दोष होती. त्यांची गाठ पडली असती तर मात्र चाकावरचा ताण सव्वादोन पट झाला असता. नियमाने चालवले तर काठाचा वेग मिनिटाला साडेचार हजार फूट, मैलाच्या आत.

पुतण्याचा चेहरा उतरला. कारण सावकाश चालीची मोटर त्याच शक्तीला अंगाने मोठी, किमतीला जास्त, आणि आमच्याकडच्या दुकानांत सहसा तयार नसते. मागवावी लागते. दसरा आठ दिवसांवर होता. १४४०ची साडेसात तालुक्याला लगेच मिळत होती. तिला साडेपाच इंची लहान पुली करून घातली तरी हिशेब जमला असता. मी तेही त्याला सांगितले. पण लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी बसते, ओलसर हवेत पट्टा सरकतो, आणि दुसरे म्हणजे ती मोठी पुली वखारीत कायम पडून राहणार. उद्या कुणीतरी ती सापडली म्हणून हौसेने बसवणार. पुतण्या रात्रभर विचार करीत होता. सकाळी त्याने ९६०ची मोटर मागवली. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली ती मुक्या यंत्राची. झेंडूची माळ वरच्या चाकाला, आणि पट्टी अजून गुंडाळलेलीच.

मधल्या दिवसांत मिस्त्रींनी दोन्ही चाके टांगून लाकडी हातोडीने वाजवून पाहिली. बाजारात बाया मडके वाजवून घेतात ना, अगदी तसे. फुटके चाक बद्द वाजते. ही दोन्ही घंटेसारखी वाजली. खालचे जरा जड, म्हणून आवाज जरा ढाला. खालचे चाक मुद्दाम जड ओतलेले असते, म्हणजे लाकूड अडले तर ते लोट कायम ठेवते आणि वरचे चाक त्याच्या पुढे धावत नाही.

सुरू कसे करायचे हा आणखी एक पेच होता. एवढी चाके शून्यापासून उठवताना मोटर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. त्यासाठी स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात, पण त्यात सुरुवातीची ताकद एक-तृतीयांशावर येते. आणि आमच्या संध्याकाळच्या विजेत ती तिसरा हिस्साही पुरती मिळत नाही. याचे उत्तर आबांनी दिले, किंवा खरे म्हणजे रॉचडेलच्या कारागिरांनी आधीच देऊन ठेवले होते. यंत्राच्या दांड्यावर एकाशेजारी एक अशा दोन पुल्या होत्या. एक दांड्याला घट्ट, दुसरी त्यावर सैल फिरणारी. पट्टा सैल पुलीवर ठेवून मोटर सुरू करायची. ती बिनओझ्याने क्षणात वेग घेते. मग दांडीने पट्टा हळूहळू घट्ट पुलीवर सरकवायचा. आबांच्या गिरणीत अजून तसेच चालते. आम्ही ओटीवर बसून जे सोडवीत होतो ते यंत्र अंगावर घेऊन आले होते.

बोटांची गोष्ट मात्र ओटीवर मोकळेपणाने कुणी काढीना. मोटर लहान असली की धोका कमी, असे लोक समजतात. ते खरे नाही. माणसाच्या बोटाला पाव घोडासुद्धा पुष्कळ होतो. पंधरा काय, साडेसात काय आणि तीन काय, पट्टीला समोर लाकूड आहे की हात हे कळत नाही. ज्याची काळजी करायची ते वेगळेच. वीज गेली तरी जड चाके मिनिट-दीड मिनिट आपल्या लोटाने फिरत राहतात, आणि मोटर गप्प झाल्याने ती फिरताना आवाज करीत नाहीत. दुसरे, वीज परत येते. जुन्या यंत्राला साधा खटक्याचा स्विच होता. खटका वर तो वर. वीज आली की यंत्र आपले आपण सुरू. एखादा मनुष्य त्या वेळी पट्टीवरचा भुसा काढायला वाकलेला असला तर? मिस्त्रींना मी हे विचारले. ते आपल्या हाताकडे न बघता म्हणाले, "मास्तरांनू, असोच व्हता."

म्हणून स्टार्टरवर आम्ही काटकसर केली नाही. वीज गेल्यावर जो स्वतःहून सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही असा घेतला. तीनपैकी एक फेज गेली तर मोटर तोडणारे उपकरणही घेतले. एक फेज जाऊन जळालेले पंप आमच्या गावात घरोघरी आहेत. पट्ट्याला आणि दोन्ही चाकांना जाळीची झाकणे केली. एवढ्यात वहिनींनी विचारले, हे सगळे मिळून किती झाले? पुतण्याने सांगितले. "तरी मी म्हणत होते," त्या म्हणाल्या, "साडेसात नको म्हणून." पण शनिवारी मारुतीला तेल वाहून आल्या.

मोटर आली तेव्हा दिवाळीला आठ दिवस उरले होते. पट्टी चढवली, चाके हाताने फिरवून पाहिली, बेअरिंगांत तेल घातले. पहिली दहा मिनिटे यंत्र रिकामे चालवले आणि आम्ही सगळे बाजूला, चाकांच्या रेषेत कुणी नाही असे उभे राहिलो. मिस्त्रींनी चाकावर खडूची रेघ मारून ठेवली होती आणि सुरू होताना मी घड्याळ धरले. पण एवढ्या वेगात रेघ कोण मोजणार? पुतण्याने कुठूनसे फेरे मोजण्याचे छोटे उपकरण आणले होते, त्याने ४७० आणि काही दाखवले. पट्टा थोडा सरकतोच. मग दहा इंची फणसाचा खांड मेजावर आला. रिकामा चालताना अँपिअरचा काटा पाचाच्या आत होता. मिस्त्री लाकूड सारू लागले तसा तो सात, आठ करीत गेला. पुतण्या अधीर. "अजून जागा आहे मिस्त्रीकाका, अकरापर्यंत चालतं, जरा जोरात सारा." मिस्त्रींनी काट्याकडे पाहिलेही नाही. "लाकडाक घाय नसता," ते म्हणाले, आणि आहे त्याच चालीने फळी चिरीत गेले. फणसाचा तो हळदी भुसा त्यांच्या पावलांवर साचत होता. फळी निघाली ती सरळ, आरशासारखी. काळीज बरोबर मध्ये.

संध्याकाळी गणपतीच्या मखराचा उरलेला पांढरा रंग आणून पुतण्याने आठ इंची पुलीच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत '९६०' घातले, आणि पितळी पाटीभोवती चौकट काढली. तो रंगवीत असतानाच मिस्त्रींनी तिसरी फळी पुरी करून बाजूला ठेवली, आणि वीज गेली. मोटर गप्प झाली. दिवे गेले. आतल्या अंधारात चाके नुसती सळसळत होती. पुतण्या ब्रश हातात धरून तसाच उभा. मिस्त्रींनी हात पाठीमागे घेतले होते. ती सळसळ थांबेपर्यंत कुणी बोलले नाही. दहा-बारा मिनिटांनी दिवे आले. यंत्र जागचे हलले नाही. मिस्त्रींनी थोडा वेळ वाट पाहिली, पट्टा सैल पुलीवर सरकवला, हिरवे बटण दाबले, आणि पुढचा खांड मेजावर घेतला.